फर्माईशीत आलेलं माझं नाव

परवा भाच्याने माळ्यावरचा आमचा जुना रेडिओ खाली काढला आणि चालू केला. आतले व्हॉल्व्ह तापले, धूळ जळल्याचा तोच वास घरभर पसरला आणि माझंही डोकं तापलं.

हा रेडिओ रोज वाजायचा, तेव्हा मी अकरावीत होते. महाल वस्तीतल्या आमच्या घरात रेडिओच्या बटणाला हात लावायचा हक्क फक्त बाबांचा. फर्माईशीच्या कार्यक्रमात माझ्या थोरल्या भावाचं नाव आलं, तेव्हा त्यांनी गल्लीभर जिलेबी वाटली होती. म्हणून मीही गुपचूप पोस्टकार्ड टाकलं. एका दुपारी निवेदिकेने गोड आवाजात माझं नाव घेतलं. गाण्याआधीची सतार सुरू झाली आणि खट्! बाबांनी बटण फिरवलं.

"कोणाले विचारून नाव धाडलं वं? साऱ्या गल्लीत पोरीच्या नावाचा बोभाटा!"

"मंग दादाच्या वेळी जिलेबी काहून वाटली?"

उत्तर म्हणून आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. शेजाऱ्यांकडे माझंच गाणं वाजत होतं. भिंतीतून नुसता तबला ऐकू येत होता.

आणि परवा तेच बाबा नातवाला कौतुकाने सांगत होते, "तुह्या आत्याचं नाव याच रेडिओवर आलं होतं, मालूम?"

"कोणतं गाणं होतं, आजोबा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा न," मी म्हटलं. "बंद तर तुम्हीच केलं होतं."