मान खाली घालून पाहायचा कॅमेरा
कॅमेऱ्याच्या जुन्या कातडी पेटीचा वास आला की मला मलकापुरातलं ते दुकान आठवतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मामाच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा मला लागलेला नाद पाहून आजोबा मला कॅमेरा घ्यायला घेऊन गेले होते. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची धूळ उडत होती. दुकानदाराने डोळ्याला लावायचा कॅमेरा पुढे केला. "हा तं बंदूक रोखल्यावानी दिसते," म्हणत आजोबांनी तो बाजूला सारला आणि पोटाशी धरून वरून पाहायचा साधा डबा उचलला. "हा घे, पोरी. यात पाहनाराले मान खाली घाला लागते. तुही माय याच्यापुढं लाजनार नाही." घरी फोटोसाठी बोलावलेली आई दारातच थबकली, फोटोला लागणारं ऊन फक्त अंगणात होतं आणि अंगणात आजोबा. सासऱ्यांसमोर तिने तोंडावरचा पदर कधीच वर केला नव्हता. आजोबांनी बाजेवर बसल्या बसल्या भिंतीकडे तोंड फिरवलं. "काढ आता," म्हणाले. फोटो धुऊन आले तेव्हा त्यांनी पाकीट न उघडताच माझ्या हाती दिलं आणि हळूच विचारलं, "हासली काय तुही माय?" मी म्हटलं, "हाव." आजही तो फोटो हातात घेतला की आईच्या हसऱ्या चेहऱ्याआधी मला मागची आजोबांची पाठ दिसते.