नाथाचे भारी शब्द

देवळाली कॅम्पात रिटायर झालेल्या साहेबलोकांचा एक क्लब आहे. मी, कुंदन, तिथला आचारी. नाथा वेटर. दर गुरुवारी साहेबलोक इंग्रजी अक्षरांच्या ठोकळ्यांचा खेळ मांडायचे. ठोकळे जुळवून शब्द करायचा, मार्क मिळवायचे. कुणी हरकत घेतली की नाथानं कपाटातली जाडजूड डिक्शनरी आणायची. शब्द त्यात सापडला की चालला! तो कुणी बोलतं का, हे विचारायची तिथं रीतच नव्हती.

नाथाला वाटलं, हीच वरच्या लोकांची खरी इंग्रजी. ज्या शब्दाला मार्क जास्त, तो शब्द भारी! दर गुरुवारी असा एक शब्द अर्थासकट चिठ्ठीवर उतरवून घरी न्यायचा आणि पोरीकडून, मोहिनीकडून, घोकून घ्यायचा. चार वर्षं! तिला नाशिकच्या मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला लावायची, एवढा एकच ध्यास. "कुंदन, तुझ्या पोरांना काय येतंय रे? माझी मोहिनी 'लवकरच'ला 'एफ्टसून्स' म्हणते!" असं भटारखान्यात येऊन मला ऐकवायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका गुरुवारी मी भजी घेऊन गेलो, तर कर्नलसाहेब हसत हसत एका पाहुण्याला हिंदीत सांगत होते, की हे सगळे मेलेले शब्द, तीनशे वर्षांत कुणी बोललेलं नाही, बाहेर बोललात तर लोक वेड्यात काढतील. नाथा तेव्हा सोडा आणायला गेला होता. त्याला सांगायला दोन मिनिटंही लागली नसती. नाही सांगितलं. म्हटलं, मिरवू दे लेकाला, आपटला म्हणजे कळेल. असला मी हलकट.

इंटरव्ह्यूला मोहिनी आईची निळी साडी नेसून गेली. नाव विचारलं तर म्हणाली, "आय ॲम यक्लेप्ट मोहिनी." जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'नावाची' असाच होता म्हणे, म्हणजे पोरगी चुकली नव्हती. समोरचे तिघं हसले. पुन्हा म्हणायला लावलं, एकानं मोबाइल धरला. तिला वाटलं, आवडलं यांना. मग तिनं आपणहून आणखी आठ-दहा शब्द म्हणून दाखवले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ निम्म्या कॅम्पानं बघितला.

मोहिनी आता सिन्नरला कारखान्यात खोकी भरते. बापाशी बोलत नाही. ताट वाढून पुढं सरकवते, बस्स. नाथानं गुरुवारची सुट्टी मागून घेतलीय.

परवा तो भटारखान्यात आला, ओट्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "कुंदन, तुझ्या कानावर कधी काही आलं असतं, तर तू मला सांगितलं असतंस ना रे?"

"म्हणजे काय! सांगितलं असतं की."

त्यानं माझा खांदा दाबला. "ते माहितीये मला," म्हणाला, "म्हणून तर तुझ्यापाशी येतो."