सुई कोण बदलतं?

बमरोलीच्या उषाबाईंनी घरी बसून तीस वर्षं साड्यांवर टिकल्या चिकटवल्या. शाळेत मात्र जेमतेम दोन वर्षं गेल्या. आता दहावी झालेल्या नातीला, योगिताला, शिवणकाम शिकायला कुठल्या संस्थेत घालायचं, हे ठरवायची वेळ त्यांच्यावरच आली.

पहिल्या संस्थेत फरशी आरशासारखी लख्ख. दुसरीत जिकडेतिकडे धाग्यांचे तुकडे. उषाबाई गोंधळल्या. काम चालतं तिथे कचरा होणारच, हे त्यांना घरच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण इथे काम चालतं की झाडूवालीच येत नाही, हे कसं कळावं?

शेवटी त्यांनी दोन्हीकडच्या मुलींना एकच विचारलं, "पोरी, मशीनची सुई तुटली तर कोण बदलतं?"

पहिल्या संस्थेतली म्हणाली, "सर. आम्हाला हात लावू देत नाहीत."

दुसऱ्या संस्थेतली म्हणाली, "जिच्या हातून तुटली ती. मी कालच दोन बदलल्या."

"दोन तोडल्या, म्हणजे हिला येतं की येत नाही?" योगिता कुजबुजली. "आणि आजी, इथे एसी पण नाही."

 उषाबाईंनी मात्र प्रवेशाचा फॉर्म या दुसऱ्या संस्थेचाच मागून घेतला.