बाण कुणी काढले?

"तुम्ही तिसऱ्या क्वाड्रंटमध्ये. दोन्हीकडून मायनस. तुम्हा लोकांना सवय असेलच."

श्रीकांतराव म्हणाले आणि सिडनीतल्या गिरावीनचा अख्खा हॉल हसला. आमच्या मराठी मुलांचा रविवारचा गणिताचा वर्ग, तो श्रीकांतराव चालवतात. आधी पालकांनी खेळून दाखवायचं, मग मुलांनी, ही तिथली पद्धत. फरशीवर मास्किंग टेपचे दोन अक्ष, त्यांनी पाडलेले चार भाग म्हणजे क्वाड्रंट. आडवा एक्स, उभा वाय. उजवीकडे आणि वर बाण, म्हणजे प्लस. डावीकडे आणि खाली मायनस. श्रीकांतराव स्वतः पहिल्या क्वाड्रंटमध्ये. दोन्ही प्लस.

एप्रिलमध्ये त्यांनी माझा भीमजयंतीचा फोटो पाहिला होता. निळा झेंडा, पुढे मी, माझ्याही पुढे माझं पोट. तेव्हापासून 'ताई'चं 'तुम्ही लोक' झालं.

आणि मी काय केलं? हसले. सगळ्यात मोठ्याने. ऑफिसात, लग्नांत, पॉटलकला असंच हसत आलेय, गालांना वळणच पडलंय. मायनस चार, मायनस दोनवर जायचं होतं. तिथेही आधी चुकले. शाळेपासून माझे एक्स आणि वाय उलटेपालटे होतात. पुन्हा हशा.

फक्त माझी लेक हसली नाही. "आई, बट हू ड्रू द ॲरोज?"

हो की. प्लस कुठली बाजू, हे टेपला कुठे ठाऊक असतं? बाण काढणारा ठरवतो.

मी खाली बसले. गुडघे वाजले. दोन्ही बाण उचकटले आणि उलट्या टोकांना चिकटवले. टेप बोटांना चिकटत होती, वेळ लागला.

परत माझ्या जागेवर उभी राहिले. जागा तीच. आता प्लस चार, प्लस दोन.

"श्रीकांतराव, आता तुम्ही दोन्हीकडून मायनस."

"अहो ताई, गंमत केली हो. मुलांसमोर कशाला?"

ताई! परत आली बिचारी.

"मुलांसमोरच. तुम्हीही मुलांसमोरच बोललात. हलू नका, मी उभी होते ना?"

ते हलले. भिंतीपाशी जाऊन मोबाईलमध्ये बघत बसले.

गाडीत लेक म्हणाली, "दॅट वॉज सो मीन ऑफ यू, आई."

"हो," म्हटलं.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: गैरसमज नसावा. गैरसमज नाहीच, नीट समजलंय. उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हॉलवर जाणार. टेप माझी, बाण माझे. श्रीकांतरावांची जागा मायनसमध्ये. जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोर परत घेईपर्यंत, दर रविवारी तिथेच.

आणि मी हसणार नाही.