चाकापुढचा दगड

आमच्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर लाल रंगात मोठ्या अक्षरांनी लिहिलं आहे, 'आईचा आशीर्वाद'. ती आई म्हणजे मी. लिहिताना मला कुणी विचारलं नाही. मी आशीर्वाद दिला नव्हता, सही दिली होती. बाईच्या नावावर गाडी घेतली तर कर्ज लवकर होतं असं शोरूममधल्या माणसानं मुलाला सांगितलं, म्हणून मला जिंतूरला नेलं, खुर्चीवर बसवलं आणि जिथं बोट ठेवलं तिथं सही करायला लावलं. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, सही मला येते. गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी पुढं मुलगा बसला आणि त्याच्या शेजारी त्याचा चुलता, म्हणजे माझा धाकटा दीर. मी मागं हौद्यात. नारळाच्या शेंड्या आणि हाराची फुलं माझ्या पायाशी. गाडी माझ्या नावावर, आणि मी तिच्या हौद्यात उकिडवी बसून गावात आले. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे बाया मागंच बसतात, गाडी कुणाचीही असो.

ही गाडी बॅटरीची आहे. आधीची डिझेलची होती. काम तेच. सकाळी भाजी आणि दुधाचे कॅन जिंतूरला पोचवायचे, आल्यावर कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना बोरीकडच्या शेतांवर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. त्या बायांत मी असते. माझी धाकटी जाऊही असायची. ती माझ्याहून बारीक, पण कापूस वेचायला माझ्या दुप्पट.

गाडीला मी नावं ठेवणार नाही. धूर नाही, घासलेटासारखा वास नाही. आधीच्या गाडीत भाकरीच्या फडक्यालासुद्धा डिझेल लागायचं. या गाडीचा त्रास वेगळा. रात्रभर तिची वायर आमच्या खिडकीतून बाहेर असते, म्हणून खिडकी लागत नाही आणि डास आत येतात. वायर शेळीनं चावू नये म्हणून शेळीची जागा बदलली. मी घरी असले की मुलगा कुठंही असला तरी फोन करतो, "माय, लाईट हाय का?" मी कशी आहे हे विचारायला त्यानं इतके फोन कधी केले नाहीत. लाईट गेली असं सांगितलं की असा उसासा टाकतो जसं काही मीच विजेच्या डीपीवर जाऊन घालवली.

हे सगळं चालतं. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

डिझेलची गाडी चालू झाली की आधी हौदा थरथरायचा. पायाखालचा पत्रा वाजायचा. एखादी बाई फाळक्यावर एक पाय टाकून अर्धी वर असली तरी तिला कळायचं की आता निघणार, आणि ती वरची दांडी घट्ट धरायची. कुणाला सांगावं लागत नव्हतं. पुढं बसलेल्या गड्यांनी आमच्याकडं कधी वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, त्यांचं ते काम इंजिन करत होतं.

नव्या गाडीत ते इंजिन गेलं आणि बघायला कुणीच उरलं नाही. उभी आहे की चालू आहे ते कळत नाही. थरथर नाही, आवाज नाही. आणि निघते ती एकदम, हिसका देऊन. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलो. बाया हसायच्या. एक म्हणाली, "पळून जाणाऱ्या पोरीवाणी हाय ही. आवाज न्हाई, काय न्हाई, बघावं तर गेलेली!" तेव्हापासून तिला सगळ्या मुकी म्हणायला लागल्या. मुकी आली, मुकी गेली.

मी मुलाला सांगितलं, "निघायच्या आधी आवाज देत जा. बाया चढायल्या असत्यात."

"आरशात दिसतंय की, माय."

"आरशात काय दिसतंय? गाठोडी दिसत्यात."

"लय फिकीर करू नको तू. आवाज न्हाई तेच तर हिचं चांगलं हाय."

जाऊ त्याच्यापुढं जाऊन म्हणाली, "बाबू, तुझ्या गाडीला वाचा न्हाई, पण तुला तर हाय ना?" तो हसला. दीर तर खूपच हसला. बायकोनं चांगला टोमणा मारला म्हणून त्याला कौतुक वाटलं. ऐकलं दोघांनीही नाही.

मग एके दिवशी संध्याकाळी वेचणी उरकून आम्ही रस्त्यावर आलो. कापसाची गाठोडी हौद्यात टाकली. बाया चढल्या, मी चढले. जाऊ शेवटी राहिली, कारण ती नेहमी खालून सगळ्यांची गाठोडी वर द्यायची. तिनं फाळक्याच्या कडीवर पाय ठेवला आणि मला हात दिला. मी तिची बोटं धरली होती. पुढं दीर मुलाला मोबाईलवर काहीतरी दाखवत होता, दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. गाडी निघाली. कसलाच आवाज न करता निघाली. तिची बोटं माझ्या हातातून गेली आणि ती मुरमावर कुशीवर पडली. गाडीनं केला नाही तो आवाज तिच्या हाडानं केला.

आम्ही पत्रा बडवून ओरडलो तेव्हा गाडी थांबली. दीर खाली उतरला. मला वाटलं आता तो खाली बसेल, तिचं डोकं मांडीवर घेईल. तो तिच्या डोक्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "धरता येत न्हाई का तुला?"

मी बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही.

तिला उठवता येईना. चादरीत घालून उचललं आणि हौद्यात कापसाच्या गाठोड्यांवर झोपवलं. झोपवून न्यायचं तर मागंच न्यावं लागणार, एवढं मला कळतं. पण नवऱ्यानं कुठं बसावं? तो गेला आणि पुढं बसला. सवयीनं गेला. जिंतूर येईपर्यंत मी तिचा पाय धरून बसले होते, खड्डा आला की ती दातांत पदर धरायची. मधल्या काचेतून मला दिराचं डोकं दिसत होतं. ते एकदाही वळलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. जिंतूरहून परभणीला पाठवलं, तिथं ऑपरेशन करून आत सळई घातली. आता ती वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येते आणि परत जाते. जी बाई सगळ्यांची गाठोडी वर द्यायची, तिला आता पाण्याचा तांब्या दुसऱ्यानं द्यावा लागतो. वेचणीचा विषय काढला की भिंतीकडं तोंड करते.

भेटायला लोक आले. गडी यायचे, चहा प्यायचे आणि तिलाच शिकवायचे. "या वयात जपून चढावं माणसानं." "चप्पल घसरली असंल." एक तर म्हणाला, "बायांचं ध्यान गप्पांत असतंय." मी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. मुलाचं एकच, "माय, गाडीचा दोष न्हाई."

मी म्हणाले, "गाडीचा न्हाईच. ती मुकी हाय. तुमी दोघं कामून मुके होता?"

तो कबूल झाला की निघायच्या आधी 'धरा' म्हणून ओरडत जाईन. एवढाच एक शब्द मी मागितला होता. बाया परत कामाला यायला लागल्या होत्या. त्या येणारच, घरी बसून कुणाचं भागतं? भीती मात्र सगळ्यांना होती. पाय कडीवर ठेवला की थांबायच्या, पुढं बघायच्या, मग चढायच्या. पुढची कोण पडेल एवढाच प्रश्न होता.

दोन-तीन दिवस तो ओरडला. मग देवगाव फाट्याला एकदा चहाच्या टपरीवरच्या गड्यांनी ऐकलं. एकजण म्हणाला, "काय राव, एसटीचा कंडक्टर झालास काय? घंटी पण बांध." माझा दीरच सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याची बायको घरी खाटेवर, आणि तो हसला. दुसऱ्या दिवसापासून मुलाचा आवाज बारीक झाला. त्याच्यानंतर बंद. माणसाला बाई पडल्याची लाज वाटली नाही, 'धरा' म्हणायची वाटली.

मी उठले. गोठ्यात गेले. आमची बैलगाडी होती तेव्हा उतारावर ती सोडली की चाकापुढं ठेवायचा एक दगड होता. काळा, एका बाजूनं चपटा, चाकाच्या घासण्यानं गुळगुळीत झालेला. बैल गेले, गाडी गेली, दगड राहिला होता. दोन्ही हातांनी उचलावा लागतो. तो मी गाठोड्यात बांधून शेतावर नेला. संध्याकाळी बाया चढायला लागल्या तेव्हा पुढच्या डाव्या चाकापुढं नेऊन ठेवला आणि तिथंच उभी राहिले.

मुलानं गाडी काढली. गाडी अर्धी वीत हलली आणि कुरकुरत थांबली. त्यानं परत पाय दाबला. मग उतरून आला.

"माय, हे काय लावलंस?"

"दगड."

"ते दिसतंय. कामून?"

"तुझ्या तोंडाला आवाज न्हाई म्हणून."

"काढ तो. लोक बघायल्यात."

"बघू दे. सगळ्या बाया बसल्या की मी काढीन. मी काढीन, तू न्हाई. आन काढल्यावर मी पुढं बसणार."

दीर काच खाली करून म्हणाला, "वैनी, मग मी कुठं बसू?"

"मागं."

"बायांत? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गडी हौद्यात बसलाय. धरून बसा म्हणजे झालं. तुमाला तर धरता येतंय."

मागं बाया इतक्या हसल्या की गाडीत इंजिन असल्यासारखा पत्रा वाजला. दीर लाल झाला. मुलाला म्हणाला, "अरे, तुझ्या आईला सांग काहीतरी." मुलगा माझ्याकडं बघत होता. मी त्याला एकच विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर हाय?" तो खाली बघायला लागला. दीर उतरला, दार आपटलं आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारसायकलला हात करून निघून गेला. तेव्हापासून तो तसाच येतो-जातो. हौद्यात बसला नाही. आपल्या बायकोला ज्या जागेवर आयुष्यभर बसवलं, ती जागा त्याला एक दिवस चालली नाही.

मी मागं जाऊन सगळ्या बसल्या का बघितलं, मग दगड काढला आणि पुढं चढले. दगड पायाशी ठेवला. पुढची गादी मऊ आहे, समोरून वारा येतो, पाठ टेकता येते. इतकी वर्षं हे गडी इथं बसत होते आणि उतरल्यावर दमलो म्हणत होते.

आता रोज तसंच चालतं. मुलगा धुसफुसतो. म्हणतो, दगडानं टायर खराब होईल. मी म्हणते, दगड नको असेल तर तोंड उघड. दोन्हीतलं एक त्याला करावंच लागतं, आणि बरेच दिवस त्याला दगड परवडला.

मागच्या आठवड्यात जावेला दाखवायला जिंतूरला न्यायचं होतं. मुलानं गाडी तिच्या दारात लावली, पुढचं दार उघडलं. तो, मी आणि शेजारची सून, तिघांनी मिळून तिला गादीवर बसवलं. मी मागं हौद्यात चढले. दगड मी आधीच चाकापुढं ठेवला होता, या खेपेला तो काढायचं मुलावर सोडलं. दीर ओसरीवर उभा होता, येतो म्हणाला नाही, आम्हीही विचारलं नाही.

मुलगा दगड काढायला वाकला तशी जाऊ आतून म्हणाली, "राहू दे तो. आधी म्हण."

"काय म्हणू, काकू?"

"तुला ठाव हाय."

तो इकडं तिकडं बघायला लागला. गल्लीत गडी होते, पारावर गडी होते. तो हळू म्हणाला, "धरा."

"मला ऐकू आलं न्हाई. मागं तुझी माय हाय, तिला तर मुळीच न्हाई."

मला ऐकू आलं होतं.

तो उभा राहिला आणि ओरडला, "धरा!" पारावरच्या गड्यांनी माना वळवल्या. ओसरीवरचा दीर आत गेला. मी दांडी धरली आणि पत्र्यावर थाप मारली, तेव्हा कुठं त्यानं दगड बाजूला केला.

गाडी निघाली. जावेनं पुढं दाराची दांडी घट्ट धरली. तिच्या पायाचं काय होईल ते डॉक्टरही नीट सांगत नाहीत, आणि त्या एका शब्दानं तिचं हाड जुळणार नाही हे तिलाही माहीत आहे. माझा राग गेलेला नाही. फाळक्यावरचं ते 'आईचा आशीर्वाद' पुसून टाक म्हणून मी मुलाला सांगितलं आहे, त्यानं अजून पुसलं नाही. तोवर दगड गाडीतच राहील.