इटलीचं कडबोळं

"ताई, याच्यात दम किती?"

पाकीट दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवायचं, एक पाऊल मागे सरायचं आणि खुर्चीत न बसता हा प्रश्न विचारायचा, अशी चौथ्या मजल्यावरच्या बाबांची रीत. नाशकात गंगापूर रोडला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं आहारसल्ल्याचं दुकान आहे. मी दुकानच म्हणते, क्लिनिक म्हटलं की लोक जास्त खोटं बोलतात. येणारे कॅलरी विचारतात, प्रोटीन विचारतात, अ‍ॅव्होकॅडो सकाळी खायचा की संध्याकाळी ते विचारतात. दम विचारणारे हे एकटेच. पोषणमूल्याला याहून बरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

ते मूळचे देवळ्याकडचे. जन्म कांद्याच्या शेतात गेलेला. बायको वारल्यावर मुलानं त्यांना इथे चौथ्या मजल्यावर नव्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं, आणि वर्षाच्या आत तो स्वतः नोकरीसाठी इटलीला गेला. शेत भावाच्या ताब्यात, मुलगा परदेशात, आणि हे मॉड्युलर किचनमध्ये भाकरी थापत बसलेले. अशी माणसं तुमच्याही इमारतीत असतील. लिफ्टमध्ये भेटतात, "बरं आहे ना?" एवढं आपण विचारतो आणि आपला मजला येतो.

मुलगा तिकडून ताराल्लीची पाकिटं पाठवायचा. ताराल्ली म्हणजे इटलीतला जुना खाऊ: बोटभर पिठाची वळी करायची, तिची टोकं जोडून कडं करायचं, आधी उकळत्या पाण्यातून काढायचं आणि मग भट्टीत खरपूस भाजायचं. दिसायला थेट आपलं कडबोळं, फक्त तिखट नाही आणि तळलेलंही नाही. बाबा पहिल्याच पाकिटाला म्हणाले होते, "कडबोळंच हाय. आपलं लाल असतं, यांचं गोरं."

मी पाठीमागचा तक्ता वाचून सांगितलं, की तेल ऑलिव्हचं आहे, ते चांगलं. मीठ जास्त आहे. प्रथिनं बेताची, तंतू नावाला. मूठभर खाल्लं की भूक मरते, पण अंगी फार काही लागत नाही.

"म्हंजे जेवण नाय हे."

"नाही बाबा. येताजाता तोंडात टाकायचं."

त्यांचा चेहरा उतरला. मग कळलं, की प्रश्न त्यांच्या तब्येतीचा नव्हताच. तिकडे मुलाची दुपारची सुट्टी असायची तेव्हा आपल्याकडे चहाची वेळ. त्या वेळेला तो व्हिडिओ कॉल लावायचा, समोर हेच पाकीट फोडायचा, आणि जेवलास का विचारलं की म्हणायचा, "हे काय, जेवतोच आहे." इकडे बाबा त्याच्याबरोबर एक कडं चहात बुडवून खायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. दोघं खायचे, कुडुमकुडुम आवाज यायचा, आणि फोन बंद.

त्यानंतर दर नव्या पाकिटाला ते खाली यायचे. बडीशेपेचं आलं, मिऱ्याचं आलं. एकदा कांद्याचं आलं तेव्हा पाकीट फोडूनच आणलं. "कांदा हाय, पण मेलेला हाय. आपला असता तर घरभर कळलं असतं," असा निकाल देऊन त्यांनी मला दोन खायला लावली. नव्या चवीत दम वाढला असेल, अशी त्यांना दर वेळी आशा असायची. मी दर वेळी तेच सांगायची. मग ते म्हणायचे, "त्याला फोनवर तुम्ही सांगा ना, भात लावत जा म्हणून. माझं ऐकत नाय." मी दोनदा सांगितलंही. मुलगा हसून हो म्हणाला. आवाज चांगला होता हो त्याचा, वाईट मुलगा नव्हता. पण मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

बाबा पोळी खात नाहीत, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. सत्यनारायणाला बोलावलं तर येत, पण पुरीला हात लावत नसत. शिऱ्याचा प्रसाद कपाळाला लावून शेजारच्याच्या हातात देत. तिसऱ्या मजल्यावरच्या योगावाल्या मुलीनं त्याचा अर्थ लावला. "आजोबांनी ग्लूटेन सोडलंय. या वयात! शिका जरा," असं ती सगळ्यांना ऐकवायची. बाबांना मी विचारलं, ग्लूटेन म्हणजे काय माहीत आहे का? म्हणाले, "नाय. पण पोरगी खूश होते, होऊ द्या."

मलाही वाटलं, सवय असेल भाकरीची. पण गेल्या पावसाळ्यात त्यांचं वजन उतरायला लागलं, तेव्हा मी जरा दरडावलं. रोज दोन वेळा बाजरी आणि मिरचीचा खुडा, असं किती दिवस चालणार? दात राहिलेत का भाकरी चावायला? मऊ पोळी करून देणारी बाई लावून देते, म्हटलं.

"पोळी नको ताई."

"का पण?"

ते त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत बसले. दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गडावरच्या आईला शब्द दिलाय. पोरगा घरी येऊन माझ्या शेजारी जेवायला बसत नाय, तवर गव्हाचा कण तोंडात घालणार नाय. कुणाला सांगायचं नसतं. तुम्ही डॉक्टरसारख्या, म्हणून सांगितलं."

टेबलावर त्यांनीच आणलेलं पाकीट होतं. माझी नजर त्याच्यावर गेली आणि तिथेच राहिली. कांद्याच्या लिलावात व्यापाऱ्यांची तोंडं वाचत आयुष्य काढलेला माणूस, त्यांच्यापासून काय लपणार?

"काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही."

"ताई, काय झालं?"

मग मला सांगावं लागलं. ताराल्ली मैद्याची असते. मैदा गव्हाचाच.

ते पाकिटाकडे बघत राहिले. त्यांच्या घरची कडबोळी ज्वारी-बाजरी-डाळींच्या भाजणीची. कडबोळं म्हटलं की त्यात गहू असेल, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. मग बोलले ते थेट त्यांच्या अहिराणीत, मला उद्देशून नसावंच. "यामा गहू शे? म्हनीसन पोऱ्या येत नही." म्हणूनच पोरगा येत नाही, असं.

मी समजूत घालायला लागले. तुम्हाला माहीत नव्हतं बाबा, नकळत झालं, देवीला सगळं कळतं.

"तिला कळतं. मलाच कळलं नाय," ते म्हणाले. पाकीट तसंच ठेवून ते उठले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, जणू चूक माझी होती आणि त्यांनी ती पोटात घातली. मी शटर ओढून घेतलं आणि रडले.

दुसऱ्याच दिवशी ते एकटे बसनं गडावर गेले. आईपुढे नाक घासलं आणि शब्द नव्यानं दिला. मुलाला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं, म्हणून भाजणी दळून आणून स्वतः कडबोळी करायला शिकले. पहिला घाणा तेलात विरघळला, दुसऱ्यानं हात भाजला. तिसरा जमला. चहाच्या वेळेला फोन आला की आपलं कडबोळं कॅमेऱ्यापासून जरा लांब धरून खायचे. मुलाला वाटायचं, दोघं एकच खातोय. त्याची पाकिटं माझ्याकडे जमा व्हायला लागली. मी ती न फोडता कपाटात ठेवायची.

दिवाळीनंतर मुलानं त्यांना विमानाचं तिकीट पाठवलं. त्याला रजा मिळत नव्हती, तर बाबांनीच यावं. अख्खी इमारत अभिनंदन करायला लोटली. योगावाल्या मुलीनं स्वेटर आणून दिला. बाबांनी तिकीट परत करायला सांगितलं. गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही, अशी कारणं फोनवर सांगितली.

मी चिडले. "अहो, जाऊन तर या. भेट होईल. तो नाही येत तर तुम्ही जा, काय बिघडतं?"

"मी गेलो, तर मग तो कशाला येईल?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर मला सांगा.

उन्हाळा लागता लागता ते झोपेतच गेले. चहाच्या वेळेला फोन उचलला नाही म्हणून मुलानं योगावालीला फोन केला, तिनं शेजाऱ्यांना घेऊन दार उघडलं. बाबा पलंगावर कुशीवर झोपलेले होते, त्रास झाल्याची खूण नव्हती. रजा न मिळणारा मुलगा तिसऱ्या दिवशी नाशकात होता.

तेराव्याला मी वर गेले. देवळ्याहून मुलाचे काका आणि चार नातेवाईक आले होते. बाबांसाठी पान वाढायचं चाललं होतं. मुलगा गुडघ्यावर बसून एकेक पदार्थ ठेवत होता. वरण, भात, मेथीची भाजी, खीर. भाकरीचा तुकडा उचलला आणि थांबला. शेजारी पोळ्यांची चवड होती. मला पाहून उठला. रडून रडून डोळे सुजले होते त्याचे.

"ताई, बाबांचा आहार तुम्हीच बघायचा ना? इथे सगळे म्हणतात, त्यांनी गहू सोडला होता. ग्लूटेनचा त्रास होता का त्यांना? मला कधी बोललेच नाहीत."

नवस सांगायचा नसतो, हे मला बाबांनीच बजावलं होतं. शिवाय सांगितलं असतं, तर त्या पोरानं तो जन्मभर कुठे ठेवला असता?

"तू जेवायला कुठे बसणार आहेस?" मी विचारलं.

त्यानं पानाशेजारचा पाट दाखवला. "इथेच. त्यांच्याजवळ."

"मग वाढ पोळी," मी म्हटलं. "आता चालते त्यांना."

त्यानं चवडीतली वरची पोळी घेतली, तिच्यावर तूप सोडलं, पानात ठेवली आणि शेजारी बसला.