पान न उलटणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाईंना वाचता येतं की नाही, अशी मला बरेच दिवस शंका होती. सकाळी दूध आणायला त्यांच्या दारावरून जावं तर त्या ओट्यावर बायबल मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि पान तेच. आठवड्याने जावं, तरी पान तेच. सारी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून केलेली, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणारी ही बाई देवाच्या पुस्तकात मात्र चिखलातल्या बैलबंडीसारखी रुतून बसलेली. मला त्यांची दया यायची. दुसऱ्यांवर दया करण्याचा तेव्हा मला फार सराव होता.

कारण मी स्वतः बायबल पळवत असे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या महिला संघाने वर्षभरात बायबल संपवण्याची स्पर्धा ठेवली होती आणि अख्ख्या बोरगाव मेघेत माझ्या वेगाची बाई नव्हती. वंशावळ्या तर मी वर्ध्याला न थांबणाऱ्या गाडीसारखी ओलांडायचे. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, वरणाला उकळी आली, चला, अध्याय संपला! आज काय वाचलं असं कुणी विचारलं असतं, तर मी पानाचा आकडा सांगितला असता.

एक वाचन मात्र मी सावकाश करी. घर दोन भावांचं, अंगण एक, आणि माझं थोरल्या जाऊबाईंशी बोलणं बंद. नाताळात त्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिच्या करंज्या तेलातच उघडतात." एवढंच. एवढ्यावर मी पुढचे कैक नाताळ काढले. दोघे भाऊ बिचारे अंगणात एकमेकांकडे बघत नसत. बोलायचं असलं की नाक्यावरच्या पानठेल्यावर चोरून भेटत. बायबलात गर्विष्ठ, भांडखोर, कठोर माणसांबद्दल जिथे काही लिहिलंय तिथे मी लाल पेन्सिलीने रेघ मारी. मग खिडकी उघडून प्रार्थना करी, "प्रभो, शेजारच्या खोलीतलं दगडाचं काळीज मऊ कर!" देवाला कमी ऐकू येतं म्हणून नव्हे, जाऊबाईंना ऐकू जावं म्हणून आवाज चढवलेला.

त्या लाल रेघा एकदा सिस्टरबाईंच्या नजरेस पडल्या. चष्मा नाकावर ओढून त्या म्हणाल्या, "काऊन वं, तू तं दुसरीलेच गोळ्या वाटून राह्यली. तुई गोळी कुठं हाय?"

"माझी तब्येत ठीक आहे," मी म्हणाले. खरंच असं म्हणाले मी!

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी माझ्याकडे यायला लागल्या. चहा माझा, वचन त्यांचं. वेदीपाशी अर्पण नेल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा, हे ते वचन. मी ते धडाधड वाचलं आणि पान उलटायला गेले. त्यांनी पानावर हात ठेवला.

"इथे भाऊ लिहिलंय," मी म्हणाले. "जावेचा उल्लेख नाही."

"बरं. उद्या पाहू. रातच्यातून लिहून आला तं आला."

उद्या तेच. परवा तेच. मी काकुळतीला येऊन म्हणायचे, "सिस्टरबाई, स्पर्धा आहे, पुढे चला ना."

"चावल्याबिगर गिळून राह्यली तू, माय. एवढं खाल्लं, अन् अंगाले काई लागलं नाई."

"तुम्ही बसलात का कधी अशा एका ओळीवर?" मी चिडून विचारलं.

"बसली ना. आमच्या मेट्रनपायी अख्खा उन्हाळा बसली. इतका राग ये, का पुस्तक पेटीत टाकून कुलूप लावलं. मंग पेटीच डोयासमोर ये. शेवटी गेली तिच्याकडे. तिनं साधा चहा नाई पाजला. पन त्या दिवशी मले लई दिवसानं भूक लागली."

सिस्टरबाई संत होत्या असं कुणी समजू नये. प्रवचनात त्या पहिल्या बाकावर बसून चक्क घोरत. हटकलं तर म्हणत, "माह्यं सकायचं जेवण झालं हाय."

मग मंडळीत हंगामाचा सण आला. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी वेदीपाशी नेऊन ठेवतं. मी लाल भोपळा नेला. जाऊबाईंची शेंगांची टोपली त्याच्यामागे दिसेनाशी व्हावी, या बेताने निवडलेला. दोन्ही हातांनी तो कवटाळून मी वेदीशी पोचले, आणि रोज सकाळी चहाबरोबर टाळलेली ती ओळ अक्षरन् अक्षर माझ्यासमोर उभी राहिली. मी मान वळवली. पहिल्या बाकावर सिस्टरबाई. चक्क जाग्या!

भोपळा ठेवला आणि मागे चालू लागले. मला चक्कर आली असं वाटून पाळकसाहेब पुढे झाले. शेवटच्या बाकावर जाऊबाई होत्या. माझं पुस्तकी मराठी तिथे कुठे गेलं कोण जाणे.

"जाऊबाई, माह्या करंज्या उघडल्याच होत्या."

"उघडल्याच होत्या," त्या म्हणाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "पन चार लोकाईसमोर म्या बोलाले नाई पाह्यजे होतं." त्यांनी पदर आवरून घेतला. माझ्यापुरती जागा झाली.

स्पर्धा मी हरले. घरी येताना नवरा म्हणाला, "आता पानठेल्यावर काय सांगून जाऊ?" सकाळी सिस्टरबाई आल्या. शाबासकी मिळेल म्हणून मी नवी कपबशी काढली होती. "आज साखर कमी पडली वं," एवढं म्हणून त्यांनी पान उलटलं.

सिस्टरबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नात रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाच्या फुलात गुंडाळलेलं वचन पाठवते आणि मंडळीतल्या साऱ्या बाया न वाचताच त्याला अंगठा दाखवून मोकळ्या होतात. मीही दाखवते. मग जाऊबाई अंगण ओलांडून येतात, आणि आम्ही दोघी एका ओळीवर बसतो. काल ती ओळ वैऱ्यावर प्रेम करण्याची होती. जाऊबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "मंग, आता कोन राह्यलं तुयं?"

नाव लगेच आठवलं. मी म्हटलं, "थांबा, चहा टाकते," आणि आत गेले.